बायकोला दमा असेल का? तपासणीआधी नवऱ्याने काय पाहायचं

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो. पत्नी ३६ वर्षांच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. गणपतीत सर्दी-ताप झाला, तो आठवड्याभरात गेला, पण खोकला दिवाळी उलटली तरी आहेच. पहाटे ढास लागते, उठून बसावं लागतं. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, छातीचा एक्स-रे स्वच्छ आला, ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. फॅमिली डॉक्टर ‘अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस’ म्हणाले. त्या स्वतः खडूच्या धुळीला दोष देतात. तुमच्या सासूबाईंना दमा होता, आणि दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. तुम्ही विचारताय की हा दमा असू शकतो का, की तुम्ही उगाच घाबरताय?

असू शकतो. न तपासता ‘आहेच’ असं मी म्हणणार नाही. पण सर्दीनंतर मागे राहिलेला, पहाटे उठवणारा, अँटिबायोटिकला दाद न देणारा खोकला आणि घरात दम्याचा इतिहास, एवढं एकत्र आलं की छातीच्या डॉक्टरच्या मनात पहिला संशय दम्याचाच येतो. छाती वाजत नाही म्हणून दमा नाही, असंही नसतं. काही रुग्णांत कोरडा खोकला हे एकच लक्षण असतं आणि तेच महिनोन्महिने चालतं.

अडचण अशी आहे की दमा डॉक्टरपुढे दिसेलच असं नाही. तुम्ही सकाळी अकराला दवाखान्यात जाता, तोवर पहाटेचा त्रास उतरलेला असतो. स्टेथोस्कोप लावला तर छाती स्वच्छ, रुग्ण व्यवस्थित बोलतोय, एक्स-रेत काही नाही. मग खोकल्याचं औषध मिळतं. पहाटे चारला काय होतं, हे त्या घरात फक्त तुम्हालाच दिसतं. म्हणून निदान तुम्ही करायचं नसलं तरी त्याला लागणारी निम्मी माहिती तुमच्याकडेच आहे.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो. याची खूण म्हणजे त्रास सारखा बदलत राहतो. आज आहे, उद्या नाही. रात्री जास्त, दुपारी कमी. एका घरात होतो, दुसऱ्या घरात होत नाही. जो दम रोज सारखाच लागतो आणि महिन्यागणिक फक्त वाढतच जातो, त्याच्यामागे बहुधा दुसरं काही असतं. त्यामुळे खोकला किती आहे यापेक्षा तो कधी चढतो आणि कधी उतरतो, हे बघा.

रात्रीपासून सुरुवात करा. शरीरातलं सूज आवरणारं संप्रेरक, कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं आणि श्वासनलिका पहाटे चारच्या आसपास सर्वांत अरुंद होतात. दम्याचा रुग्ण साधारण तीन ते पाचच्या दरम्यान जागा होतो. त्यामुळे उठल्याची वेळ महत्त्वाची आहे. झोपून तास-दोन तासांतच गुदमरून उठणं, दोन-तीन उशा लागणं, पायांना सूज असणं, हे चित्र हृदयाकडे बोट दाखवतं. जेवून लगेच आडवं झाल्यावर आंबट पाण्यासकट येणारा खोकला पित्ताचा असू शकतो. पहाटे उठून बसलं, थोडं कोमट पाणी प्यायलं, अर्ध्या तासाने चिकट पांढरा कफ सुटला आणि मग बरं वाटलं, तर दम्याचा संशय बळावतो. कफ कधी पिवळसरही असतो. अ‍ॅलर्जीच्या पेशींमुळेही तो पिवळा होतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून जंतुसंसर्ग ठरवून अँटिबायोटिक घेऊ नका.

मग आवाज. घोरणं आणि छाती वाजणं यांत घरच्यांचा नेहमी गोंधळ होतो. घोरणं घशातून येतं, बहुतेक श्वास आत घेताना, आणि माणूस जागा झाला की थांबतं. दम्याचा आवाज छातीतून येतो, बहुधा श्वास सोडताना, दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा बारीक शिट्टीचा, आणि उठून बसल्यावरही चालू राहतो. पंखा बंद करा, मोबाइल तोंडाजवळ धरा आणि मिनिटभर रेकॉर्डिंग करा. माझ्याकडे एक गृहस्थ असंच रेकॉर्डिंग घेऊन आले होते. पहिला अर्धा मिनिट नुसती गादीची सळसळ. मग खोकल्याची उबळ, बांगड्यांचा आवाज, ‘पाणी दे’, आणि त्यानंतरच्या प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक लांबलेली, वर चढत जाणारी शिट्टी. बाई समोर बसल्या होत्या आणि त्यांची छाती त्या क्षणी पूर्ण स्वच्छ होती. एरवी मी कदाचित नुसता एक्स-रे पाहून थांबलो असतो, पण तो मिनिट ऐकल्यावर लगेच स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी, करायला पाठवलं.

आता ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. मोठ्या वयात दमा सुरू झाला की माणूस तक्रार करण्याआधी सवयी बदलतो. तिसऱ्या मजल्यावर राहणारी बाई बाजारातून येताना सगळं एकदम आणायचं बंद करते आणि दोन फेऱ्या करते. जिना चढताना मधल्या मजल्यावर फोन काढून बघत उभी राहते. चालताना गप्पा मारणारी आता वर पोचल्यावरच बोलते. आरतीत लांब सूर लागला की ती सोडून देते. जोरात हसली की हसणं खोकल्यात संपतं, म्हणून मोठ्याने हसतच नाही. मिरचीची फोडणी दुसऱ्याला द्यायला सांगते किंवा फोडणी देऊन गॅलरीत जाऊन उभी राहते. पर्समध्ये कायम आल्याच्या गोळ्या असतात. विचारलं तर म्हणते, ‘वय झालं’, ‘वजन वाढलंय’, ‘सवय मोडलीय’. तिला खरंच तसं वाटत असतं, कारण हा बदल इतका हळू झालेला असतो की तिच्याही लक्षात येत नाही.

तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या पत्नी आठवून बघा. त्या काय करायच्या, जे आता करत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरला फार उपयोगी पडतं. अजून एक बघा. कित्येक बायका ‘तुमची झोप मोडते’ म्हणून उशी घेऊन हॉलमध्ये जाऊन झोपतात, आणि मग नवऱ्याला वाटतं की खोकला कमी झाला. तुमच्या घरी तसं होत असेल तर काही दिवस त्यांना खोलीतच झोपायला सांगा.

लहानपणापासूनच्या गोष्टीही विचारा. सकाळी उठल्यावर लागोपाठ शिंका, नाक चोंदणं, डोळे खाजणं, अंगावर गांधी उठणं, ‘लहानपणी बाळदमा होता, मोठेपणी गेला’ असं सासरे कधी बोलले असतील तर तेही. नाकाची अ‍ॅलर्जी आणि दमा एकाच घरात राहतात. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत त्रास वाढतो का, हेही पाहा. काही स्त्रियांत तसं होतं आणि कोणी विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत. डोकेदुखी-अंगदुखीची गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत नाक गळायला लागून दम लागला असेल तर ते मात्र नक्की सांगा, कारण अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या औषधांनी काहींना दम्याचा मोठा झटका येतो.

आता खडूची धूळ. याचा निकाल सुट्टीवरून लागू शकतो. त्रास कामाच्या जागेचा असेल तर रविवारी आणि लांब सुट्टीत कमी होतो आणि शाळा सुरू झाली की परत येतो. दिवाळीच्या सुट्टीत काय झालं? फक्त एक लक्षात घ्या. त्याच सुट्टीत आपल्याकडे माळे काढले जातात, गाद्या उन्हात झटकल्या जातात, फटाक्यांचा धूर असतो आणि पहाटेची थंडी सुरू होते. त्यामुळे सुट्टीत खोकला वाढला म्हणून शाळा निर्दोष ठरत नाही. गावी चार दिवस गेला होतात का, तिथे रात्र कशी गेली, ते आठवा. माझा स्वतःचा अनुभव असा की गणपती ते दिवाळी या काळात सुरू होणाऱ्या खोकल्यात दोषी बहुधा घरातच सापडतो. पावसाने भिंतींना ओल धरलेली असते, कपाटामागे बुरशी आलेली असते, आणि दमट हवेत गादी-उशांमधले धुळीतले सूक्ष्म किडे भरपूर वाढलेले असतात. त्यात रात्री दारं-खिडक्या लावून मच्छर कॉइल, सकाळी धूप-अगरबत्ती. खडू नुसता चाळवतो, सूज मात्र आधीपासूनच असते. सफाईचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र करून बाथरूम घासायची सवय असेल तर ती आजच बंद करा. त्यातून निघणारा वायू निरोगी माणसाच्याही श्वासनलिका भाजतो.

हे सगळं जुळलं तरी दुसऱ्या शक्यता आहेतच. आपल्याकडे दोन आठवड्यांवर खोकला गेला की क्षयाचा विचार करावाच लागतो. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, भूक मरणं किंवा कफात रक्त असेल तर थुंकीची तपासणी आधी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर त्या गोळीनेही कोरडा खोकला येतो, कधी गोळी सुरू केल्यावर कित्येक आठवड्यांनी. हिमोग्लोबिन कमी असलं की जिन्यावर दम लागतो, पण पहाटे खोकला येत नाही. विदर्भात, विशेषतः भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या हत्तीरोगाच्या पट्ट्यात राहत असाल किंवा राहून आला असाल तर एक साधी रक्ततपासणी करून घ्या. हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणाऱ्या एका आजारात हुबेहूब दम्यासारखा रात्रीचा खोकला येतो आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशी प्रचंड वाढतात. त्याचं औषध वेगळं आहे.

आणि कबुतरं. गॅलरीत किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरांची वस्ती असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला जी सूज येते ती सुरुवातीला खोकला आणि धाप एवढीच दिसते. साधा एक्स-रे तेव्हा स्वच्छ असू शकतो, पण दुर्लक्ष झालं तर फुप्फुस कायमचं कडक होतं. इथे पंप (इनहेलर) देऊन भागत नाही, कबुतरांचा संपर्क तोडावा लागतो.

तुमच्याकडे आत्ता दोन आधार आहेत, स्वच्छ एक्स-रे आणि ९८ चा ऑक्सिमीटर. दोन्ही चांगलेच आहेत, पण त्यांनी दमा नाही हे सिद्ध होत नाही. दम्यात एक्स-रे सहसा स्वच्छच असतो, तो दुसरे आजार वगळायला काढतात. ऑक्सिजन तर झटका फार वाढल्यावरच खाली येतो.

दमा ठरवणारी तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात, छाती भरून श्वास घेऊन एका दमात सगळी हवा जोरात फुंकायची आणि थांबा म्हणेपर्यंत फुंकत राहायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र मोजतं. मग श्वासनलिका उघडणारं औषध पंपाने देतात आणि साधारण पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. मोठ्या माणसात हा आकडा १२ टक्क्यांहून जास्त आणि २०० मिलिलिटरहून जास्त वाढला, तर आवळलेल्या नलिका औषधाने उघडल्या असा त्याचा अर्थ. समजा आधी १.८० लिटर होते आणि नंतर २.१५ झाले. म्हणजे ३५० मिलिलिटर, सुमारे १९ टक्के वाढ. लक्षणं तशी असतील तर यावर दम्याचं निदान पक्कं होतं. अपॉइंटमेंट शक्यतो सकाळची आणि त्रास चालू असतानाची घ्या. पंप किंवा खोकल्याच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी किती तास थांबायचं ते आधीच विचारून ठेवा. त्रास नसलेल्या दिवशी ही तपासणी नॉर्मलही येते, त्या एका रिपोर्टवर विषय बंद करू नका.

स्पायरोमेट्रीची सोय जवळ नसेल किंवा ती नॉर्मल आली तर पीक फ्लो मीटर वापरा. मेडिकल दुकानात काहीशे रुपयांत मिळतो, साधी नळी आणि सरकणारा काटा. उभं राहून पूर्ण श्वास घ्यायचा, ओठ घट्ट लावायचे, एकच जोरदार फुंकर. तीनदा करायचं आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी, दोन आठवडे. समजा सकाळी ३०० आणि संध्याकाळी ३९० आले. फरक ९०, त्या दिवसाची सरासरी ३४५, म्हणजे त्या दिवशीचा चढउतार २६ टक्के. असा रोजचा काढून दोन आठवड्यांची सरासरी १० टक्क्यांच्या वर गेली तर दम्याच्या बाजूने चांगला पुरावा मिळतो. त्याच वहीत रात्री उठल्याची वेळ, त्या दिवशी शाळा होती की नाही, घरात काय झाडलं-जाळलं, पाळीची तारीख, एवढं एका ओळीत लिहा. लांबलचक लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी सुटतं.

तपासणी व्हायच्या आधी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स घेऊ नका. बरं वाटतं, तपासणी नॉर्मल येते आणि कोर्स संपला की त्रास परत येतो, निदान मात्र लांबतं. त्रासच जास्त असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी उपचार, तपासणी नंतर, आणि ते समोर असलेल्या डॉक्टरने ठरवायचं.

पत्नीशी कसं बोलायचं, हेही तुम्ही विचारलंय. दमा म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे खाटेवर धापा टाकणारी म्हातारी माणसं येतात, आणि तुमच्या पत्नीच्या डोळ्यांपुढे तर त्यांची आईच येणार. त्या पिढीत पंप उशिरा मिळाले किंवा मिळालेच नाहीत. ‘तुला दमा झालाय’ असं म्हणू नका. ‘रात्री चार वेळा उठतेस, मला ते बघवत नाही, एकदा फुंकायची तपासणी करून घेऊ’ एवढं पुरतं. पंपाची सवय लागते ही भीती असेल तर त्यांना हा हिशोब सांगा. खोकल्यासाठी सर्रास दिली जाणारी साल्ब्युटामॉल या श्वासनलिका उघडणाऱ्या औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे चाळिसावा भाग. गोळीने हात थरथरतात आणि छाती धडधडते, पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत जातं. पण नुसता आराम देणारा पंप पुरेसा नाही. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनातही मोठ्या माणसांना फक्त साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असंच सांगितलंय. सूज कमी करणारं औषध सोबत हवंच.

खालीलपैकी काहीही दिसलं तर वही, तपासणी, अपॉइंटमेंट सगळं बाजूला ठेवा. एक वाक्य सलग बोलता न येणं. हात गुडघ्यांवर टेकवून पुढे वाकून बसणं. मानेचे स्नायू आणि गळ्याचा खळगा आत ओढला जाणं. ओठ निळसर दिसणं, ऑक्सिमीटर ९२ च्या खाली जाणं, गुंगी येणं. इतका वेळ वाजणारी छाती एकदम गप्प झाली आणि माणूस दमलेलाच दिसतोय, तर ती सुधारणा समजू नका. हवा जायचीच कमी झालेली असते. १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून जवळच्या रुग्णालयात न्या. आडवं झोपवू नका, बसूनच न्या.

राहिला बाळाचा प्रश्न. दमा निघाला म्हणून बाळाचा विचार सोडायची काहीही गरज नाही, फक्त क्रम बदला. आधी निदान, मग दोन-तीन महिने दमा आटोक्यात, मग गर्भधारणा. गरोदरपणात साधारण एक तृतीयांश स्त्रियांचा दमा वाढतो, एक तृतीयांश स्त्रियांचा कमी होतो आणि बाकीच्यांचा होता तसाच राहतो. तुमच्या पत्नीचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. बाळाला धोका असतो तो मोकाट सुटलेल्या दम्याचा. त्यात दिवस पूर्ण भरण्याआधी प्रसूती होणं, बाळाचं वजन कमी भरणं, आईचा रक्तदाब वाढणं हे प्रकार वाढतात. श्वासावाटे घ्यायचं, सूज कमी करणारं ब्युडेसोनाइड गरोदरपणात खूप वापरलं गेलेलं आणि सुरक्षित मानलं जाणारं औषध आहे. पाळी चुकली की घाबरून पंप बंद करणाऱ्या बायका मी दर महिन्याला बघतो. म्हणून हे दोघांनी आत्ताच डॉक्टरांसमोर बोलून घ्या, आणि प्रसूतीच्या डॉक्टरांनाही त्या औषधांची नावं पहिल्याच भेटीत सांगा.